दाराबाहेरचं सामान

एका गावात एक पाटील होता आणि झाडलेला रस्ता बघितला की त्याच्या जिवाला थंडावा वाटायचा. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अडीनडीला मागे राहायचा नाही, बांधावरची भांडणं कुणाचं काही न खाता सोडवायचा. पण रस्त्यात कडब्याची एक काडी दिसली तरी त्याचं डोकं फिरायचं.

त्या गावाला बाजार नव्हता. भाजी झकास पिकायची, पण विकायची तर डोंगर उतरून परगावी न्यावी लागायची. पहाटे निघालेल्या बायका तिथे पोचेपर्यंत मेथी माना टाकायची, आणि माना टाकलेल्या मेथीला कोण विचारतो? उन्हातून परत आणायची आणि म्हशीपुढे टाकायची. पाटलाला हे फार सलायचं. आपल्या गावाला बाजार मिळावा, एवढं एकच त्याने मनात धरलं होतं.

एक दिवस राजाची दवंडी आली. डोंगरावरच्या एका गावाला आठवडी बाजार द्यायचा आहे. कारभारी येऊन गावं बघेल, आणि जे गाव नेटकं दिसेल त्याला बाजार मिळेल.

पाटलाने चावडीवर गाव गोळा केलं. म्हणाला, "आजपासून दाराबाहेर तुळस आणि रांगोळी. तिसरी वस्तू दिसता कामा नये. दिसली तर चावडीत जमा."

तेली म्हणाला, "माझी पेंडीची पोती?"

"आत."

सुतार म्हणाला, "माझी लाकडं?"

"आत."

"मग मी कुठं?"

"तू बाहेर बस. नियम सामानाचा आहे, माणसाचा नाही."

लोक हसले, पण ऐकलं सगळ्यांनी. बाजार काय एकट्या पाटलाला हवा होता? नांगर आत गेले, गोवऱ्या आत गेल्या, शेळ्यांचे खुंटसुद्धा उपटून आत गेले. सुताराच्या घरात इतकी लाकडं कोंबली की त्याची बायको अंग चोरून भाकऱ्या थापायला लागली. घरात सामान राहायचं आणि माणसं ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायची. पण रस्ता मात्र असा दिसायला लागला की पाटील दिवसातून उगीचच दोनदा फेरी मारायचा. त्याने रस्त्याच्या दोन्ही कडांना दगडांची ओळ लावली आणि दगडांना चुना फासला. विहिरीचा काठ बायकांकडून शेणामातीने सारवून घेतला. इतका गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी.

त्या विहिरीला लागून एक म्हातारी राहायची. ती गावचीच लेक. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली, म्हणून लहानथोर सगळे तिला आत्या म्हणायचे. तोंडाची फटकळ. तिच्याशी बोलायला जाताना लोक आधी घसा साफ करून घ्यायचे.

तिच्या घराला बाहेरून एक शिडी टेकलेली असायची. खुंटीला जाड दोराचं वेटोळं, त्याच्या शेजारी विहिरीत पडलेली घागर काढायचा लोखंडी गळ, आणि वळचणीखाली एक मोकळी बाज उभी करून ठेवलेली. यातलं तिच्या स्वतःच्या कामाचं काहीच नव्हतं. शिडी चढायचं तिचं वय केव्हाच सरलं होतं. पण कुणाचं कौल सरकलं तर त्याने शिडी न्यायची. कुणाची घागर पडली तर गळ न्यायचा. कुणी आजारी पडलं तर त्याला बाजेवर घालून वैद्याकडे न्यायचं.

"विचारायला येऊ नका," असं ती बजावून सांगायची. "विचारायला आलात की मला उठावं लागतं."

फक्त नेलेली वस्तू परत जागेवर लागली पाहिजे. नाही लागली तर आत्या विहिरीपाशी उभी राहायची आणि नेणाऱ्याच्या बापापासून सुरुवात करायची. ते ऐकण्यापेक्षा शिडी खांद्यावरून आणून लावलेली परवडायची.

पाटील तिच्या दारात गेला तेव्हा ती खुरपं घेऊन रानात निघाली होती.

"आत्या, हे सगळं आत घे."

"तुझ्या घरात घे."

"सगळ्या गावाने घेतलं."

"गावाने आपापलं घेतलं. हे माझं कुठंय?"

"मग कुणाचं?"

"ज्याला लागेल त्याचं. आत ठेवलं की माझं होईल. मी दिवसभर रानात, दाराला कुलूप. कुणाची घागर पडली तर?"

"घागर थांबेल की संध्याकाळपर्यंत."

"घागर थांबेल," आत्या म्हणाली, आणि त्याच्याकडे बघत राहिली.

पाटलाला ते बघणं आवडलं नाही. त्याला वाटलं, बाजार आला की हीच पहिली कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसेल, आणि आत्ता बघा. तो म्हणाला, "कारभारी येऊन जाऊ दे. मग माझ्या हाताने परत आणून लावतो."

"लाव. तोवर विहिरीला सांगून ठेव, कुणाला आत घेऊ नकोस म्हणून."

पाटलाने सुताराला हाक मारली आणि सामान उचललं. आत्याने अडवलं नाही. उलट शिडीचं एक टोक तिनेच धरून दिलं. "आडवी धर रे," ती म्हणाली, "पायऱ्या मोडल्यास तर त्या कारभाऱ्यासमोर तुझी लाज काढीन." सगळं चावडीत गेलं. चावडीला राजाचं कुलूप होतं. ते लावून पाटलाने किल्ली कमरेला खोचली.

कारभारी यायचा दिवस उजाडला. पाटील नवं पागोटं बांधून, हलगीवाल्याला घेऊन पार ओढ्यापर्यंत सामोरा गेला. कारभारी घोड्यावरून आला. पाटलाने त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि दोघं गावाकडे निघाले. लांबूनच चुन्याची पांढरी ओळ दिसत होती. कारभारी म्हणाला, "पाटील, गाव चांगलं राखलंत." पाटलाला एवढं बरं वाटलं की तो घोड्याच्या पुढे पुढे चालायला लागला.

तेवढ्यात समोरून सुतार पळत आला. तोंडाला फेस, पायात वहाण नाही.

"पाटील, किल्ली द्या. कुंभाराची सून विहिरीत पडली. काठावरून पाय घसरला तिचा."

पाटलाने कारभाऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धोतर वर खोचलं आणि धावत सुटला. पागोटं वाटेत पडलं ते पडलं. धावताना एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घुमत होती, की किल्ली माझ्या कमरेला आहे. इतक्या लांब ओढ्यापर्यंत का आलो आपण? वेशीत थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

चावडीपाशी आला तर चुन्याच्या ओळीतला एक दगड जागेवर नव्हता. तो चावडीच्या पायरीवर पडला होता. कुलूप फुटलेलं, दार उघडं, आत शिडी नाही, दोर नाही, बाज नाही.

विहिरीभोवती गाव जमलं होतं आणि मध्ये आत्या उभी होती. सून कपारीतल्या झाडाची मुळी धरून लटकली होती. आत्याने शिडी आत सोडायला लावली होती, पण ती सुनेपर्यंत पुरत नव्हती. कुंभार शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून सुनेला धीर देत होता. मग बाजेच्या चारी पायांना फास घालून बाज खाली सोडली, आणि सून कशीबशी तिच्यावर सरकली. आता चारपाच गडी दोर ओढत होते.

"तेल्या, तुझी बाजू खाली जातेय," आत्या म्हणत होती. "जेवताना कमी पडत नाहीस कधी."

पाटलाने काही न विचारता तेल्याच्या मागे दोराला हात घातला. दोराने तळहात सोलवटून निघाले. बाज वर आली. सून त्या बाजेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती, लटलट कापत होती. काठावर येताच पहिलं म्हणाली, "माझी घागर खालीच राहिली हो."

"घागर थांबेल," आत्या म्हणाली आणि तिने आपलं पांघरूण तिच्या अंगावर टाकलं.

एवढ्यात मागून घोडा आला. कारभारी उतरला. त्याने विहीर बघितली, ओलीचिंब सून बघितली, मग मागे वळून चावडीचं उघडं दार बघितलं.

"चावडीचं कुलूप राजाचं असतं," तो म्हणाला. "ते फोडील त्याला वर्षभर वेशीबाहेर काढतात. कुणी फोडलं?"

आत्याने दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत चुना लागला होता.

"मी. तुमच्यासाठीच रंगवलेला दगड होता. चांगला वजनदार निघाला."

कारभारी हसला नाही, पण रागावलाही नाही. पाटलाकडे वळून म्हणाला, "बाईला कबूल आहे. गुन्हा तिचा एकटीचा असेल तर तेवढा दंड तिला होईल, आणि गाव म्हणाल तर मला पसंत आहे. बाजार इथेच देईन. पण यात पाटलाचा दोष निघाला तर ती सुटेल आणि गाव बाद. पाटील, तुमचं काही म्हणणं आहे?"

पाटलाने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेही नाही, नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं. आत्या आपल्या तोंडाने बोलून चुकली होती. गर्दीत मेथीच्या पाट्या डोंगराखाली वाहून नेणाऱ्या बायका उभ्या होत्या, त्यांचे डोळे पाटलावर होते. तेल्याने तर हळूच त्याचा सदरा मागून ओढला. आणि आत्या? ती पाटलाकडे बघतही नव्हती. सुनेचे केस पिळत होती, जसं काही हे बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

पाटील म्हणाला, "म्हणणं आहे. कुलूप हिने फोडलं, पण फोडायची वेळ मी आणली. सामान हिच्या दाराबाहेर होतं, कुणाच्याही हाताला लागेल असं. रस्ता छान दिसावा म्हणून मी ते कोंडून ठेवलं, आणि किल्ली कमरेला लावून तुम्हाला गूळपाणी द्यायला गेलो. काठ सारवला तोही मीच. ही पोरगी मेली असती तर ते माझ्या माथी होतं. दोष लिहायचा असेल तर माझा लिहा. आत्या वेशीबाहेर जाणार नाही."

"बाजार जाईल, पाटील."

"कळतंय मला."

कारभाऱ्याने थोडा वेळ वाट बघितली. माणूस बोलून जातो आणि मग शब्द मागे घेतो, हे त्याने पुष्कळ गावांत पाहिलं असणार. पाटलाने काही मागे घेतलं नाही. मग कारभारी घोड्यावर बसला आणि निघून गेला.

बाजार डोंगराच्या पलीकडच्या अंगावरल्या दुसऱ्या गावाला मिळाला. राजाला दया आली, कारभाऱ्याचं मन पालटलं, असलं काही घडलं नाही. मेथी पुढेही माना टाकतच राहिली. तेली बरेच दिवस पाटलाला ऐकू जाईल असं बोलायचा, "एका म्हातारीपायी बाजार घालवला."

पाटील म्हणायचा, "हो, घालवला." आणि पुढे चालायला लागायचा. असल्या उत्तरावर माणूस भांडणार तरी काय?

आत्याने त्याचे आभार मानले नाहीत. त्याच संध्याकाळी तिने दारातून हाक मारली, "पाटला, आणून लावतो म्हणाला होतास ना?" पाटलाने शिडी स्वतःच्या खांद्यावर आणली. ती टेकवताना आत्या म्हणाली, "हात दाखव." त्याचे सोललेले तळहात तिने बघितले, आतून हळद-तेल आणलं आणि लावून दिलं. लावताना दोनदा म्हणाली की दोर असा धरतात का. तेवढंच.

पुढच्या सभेत पाटलाने नियम बदलला. दाराबाहेर तुळस, रांगोळी, आणि तिसरी एखादी वस्तू असलीच पाहिजे, पण ती आपल्या नाही, दुसऱ्याच्या कामाची हवी. लोक कुरकुरले. सुतार म्हणाला, "आता आतलं परत बाहेर?" पण झालं हळूहळू. सुताराने एक करवत टांगली. कुंभाराने पाण्याचा माठ भरून ठेवला. तेल्याने सगळ्यांत शेवटी, वळणावरच्या अंधारासाठी एक पणती ठेवली, आणि तेल मात्र मोजूनच घालायचा.

पाटलाने आपल्या दाराशी लोखंडी पहार ठेवली. घरातली सगळ्यांत चांगली. गाडीचं चाक रुतलं, दगड उकरायचा असला, की ज्याने त्याने न्यावी.

पहिल्याच महिन्यात ती पहार कुणीतरी नेली आणि परत आणलीच नाही.

तेल्याला फार आनंद झाला. तो मुद्दाम बघायला आला. "आता काय करणार, पाटील?"

पाटील त्याच दिवशी डोंगर ओलांडून त्या दुसऱ्या गावच्या बाजारात गेला, जो त्याचा होऊ शकला असता. तिथून नवी पहार खांद्यावर घेऊन आला आणि त्याच जागी उभी केली.

"ही पण गेली तर?" तेली म्हणाला.

"तर अजून एक आणीन," पाटील म्हणाला, आणि जेवायला आत गेला.

तात्पर्य एवढंच, की अंगण झाडावं, रांगोळीही घालावी. पण अडलेल्या माणसाचा हात जिथे पोचतो तिथली वस्तू देखणेपणासाठी हलवू नये. आणि आपला नियम चुकला, तर त्याचं मोल दुसऱ्याने भरायच्या आधी आपण पुढे व्हावं.