न कोमेजणारी माळ

एका गावात एक शेतकरी होता. विहिरीला बारमाही पाणी, घरात समजूतदार बायको, गोठ्यात हौशा आणि चांद्या ही देखणी बैलजोडी. देवाने त्याला सगळे दिले होते. फक्त एक शेजारीही दिला होता, आणि तोच त्याच्या डोळ्यात खुपत होता.

शेजारी तसा साधा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण दर पोळ्याला गावातली वडीलधारी मंडळी त्याचीच जोडी तोरणाखाली पहिली उभी करत. त्याच्या बैलांच्या शिंगांना गेरू असे आणि गळ्यात घरी केलेली माळ. अंबाडीच्या दोरीत बांधावरची कर्डूची फुले आणि ज्वारीची कोवळी पाने ओवलेली असत. पोळा फुटेपर्यंत, म्हणजे तोरणाखालून बैल घरी सुटेपर्यंत, ते बैल एकमेकांच्या गळ्यातली निम्मी माळ खाऊन टाकत. लोक हसत, पोरे टाळ्या पिटत आणि म्हातारे म्हणत, "बैलाचा सण बैलाले पावला."

हे ऐकले की आपल्या शेतकऱ्याचा तिळपापड होई. घरी येऊन तो बायकोला म्हणे, "दोन पानं बांधली अन् झाला मोठा. माह्या चांद्याची सर नाही त्याच्या बैलाले."

"मंग तुमीबी बांधा न पानं," बायको म्हणे.

पण पाने बांधली, तर शेजाऱ्याची नक्कल केली असे लोक म्हणाले असते. ते त्याला मुळीच सोसले नसते.

एका वर्षी पोळा तोंडावर आला आणि तो तालुक्याच्या बाजारात गेला. एरवी तो गावातल्याच एका म्हातारीकडून सुताचे गोंडे घेई. यंदा त्याने चमकीची झूल घेतली आणि प्लास्टिकच्या लालभडक फुलांच्या, तारेत गुंफलेल्या दोन जाड माळा घेतल्या.

"वर्षानुवर्षं कोमेजणार नाहीत," दुकानदार म्हणाला.

शेतकऱ्याला फुलांचे फारसे कौतुक नव्हते. शेजाऱ्याचे तोंड कसे उतरेल, याचाच विचार करत तो घरी आला. येताना म्हातारीच्या दारावरून मुद्दाम पिशवी उघडी धरून गेला. म्हातारी गोंडे घेऊन त्याची वाटच पाहत बसली होती.

पोळ्याच्या दिवशी हौशा आणि चांद्या उन्हात नुसते झगमगत होते. वडीलधाऱ्यांनी त्यांनाच तोरणाखाली पहिले उभे केले. शेतकऱ्याने लगेच वळून शेजाऱ्याकडे पाहिले. शेजारी हसत होता, आणि ते हसणे अगदी मनापासूनचे होते. शेतकऱ्याचा निम्मा आनंद तिथेच गेला.

वाजंत्री वाजू लागली. बैल बराच वेळ ताटकळले होते. चांद्याने मान वळवली आणि हौशाच्या गळ्यातली माळ तोंडात धरली.

शेजारी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, चांद्या माळ खाऊन राह्यला. काढून घे. त्यात तार आहे."

माळ काढायला क्षणही लागला नसता. पण शेतकऱ्याच्या मनात आले, आता कसा जळतोय बघा! पहिला मान गेला, म्हणून माळ उतरवायला सांगतोय. ज्याच्या मनात रात्रंदिवस हेवा, त्याला दुसऱ्याच्या काळजीतही हेवाच दिसतो.

"पोळा फुटू दे, मंग काढतो," तो म्हणाला. "तू तुही जोडी सांभाळ."

"अवो, काढा न," मागून बायको म्हणाली. त्याने तिच्याकडे डोळे वटारून पाहिले.

पोळा फुटला. तोवर हौशाच्या गळ्यातली निम्मी माळ गायब झाली होती. ते पाहून लोक हसले, पोरांनी टाळ्या पिटल्या. इतकी वर्षे शेजाऱ्याच्या वाट्याला येणारे कौतुक अखेर आपल्याला मिळाले म्हणून शेतकरी हरखून गेला.

घर जवळ आले तसा चांद्या थांबला. त्याने मान लांब केली. तोंडातून फेस येऊ लागला आणि डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. शेजारी आपले बैल मुलांच्या हाती देऊन गुरांच्या डॉक्टरांना आणायला धावला. डॉक्टर आले, पण त्याआधीच चांद्या गोठ्यासमोर आडवा झाला होता आणि मग उठलाच नाही. डॉक्टरांनी त्याच्या घशातून तारेचा आणि फुलांचा गुंता ओढून काढला. फुलांचा लाल रंग जरासुद्धा उतरला नव्हता.

संध्याकाळी बैल दारोदार पूजेला निघाले. शेतकऱ्याच्या दारासमोरून शेजारी आपली जोडी मुकाट्याने पुढे नेत होता, पण बैलांना काय ठाऊक? दरवर्षीच्या सवयीने ते थांबले. शेतकऱ्याच्या बायकोने डोळे पुसले. तिने चांद्यासाठी केलेली पुरणपोळी आणली, बैलांच्या पायांवर पाणी घातले आणि त्यांना घास भरवला.

शेतकरी उंबरठ्यावर बसून पाहत होता. शेजाऱ्याच्या बैलाच्या गळ्यात आता नुसती चघळलेली दोरी उरली होती. बैल सावकाश पोळी खात होता आणि बायको त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. शेतकऱ्याला शेजाऱ्याचा हेवा वाटला, आजवर कधी वाटला नव्हता इतका. त्याचा बैल जिवंत होता.

तात्पर्य: ज्याचा सण, त्याला काय मानवेल ते पाहून खरेदी करावी. शेजाऱ्याला जळवायला आणलेली वस्तू आपल्याच घरादाराला भोवते.