धूम्रकेशाच्या पागेतले एकशे एक घोडे

एका राज्यात घोडे फार आणि बसणारे आळशी, अशी गत झाली होती. राजा भद्रसेनाला पालखीची गोडी लागली, आणि राजाच पालखीत म्हटल्यावर सरदार कशाला रिकिबीत पाय घालतील? घोडे दारात उभे राहून चंदी खात, माश्या हाकलत आणि भलत्या वेळी खिंकाळून राजाची दुपारची झोप मोडत. तेव्हा धूम्रकेश नावाचा जादूगार दरबारात आला आणि म्हणाला, "महाराज, राज्यातले सगळे घोडे माझ्या पागेत ठेवा. वैरण माझी, पाणी माझे, निगा माझी. धन्याने फक्त दसऱ्याला यावे, घोड्याच्या अंगावर हात ठेवून पूजा करावी. सलग तीन दसरे ज्याला धन्याचा हात लागणार नाही, तो घोडा मात्र माझा."

"एवढंच ना?" राजा म्हणाला. शिक्का उठला, दवंडी फिरली, आणि एकशे एक घोडे पागेत गेले.

त्यांत एक घोडी हौसा नालबंदिणीची होती. नवऱ्यामागे हौसाने त्याचा हातोडा उचलला आणि वीस वर्षं राज्यातल्या झाडून सगळ्या घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन त्यांना नाल ठोकले. तिची स्वतःची घोडी शेवंती. वय झालेली, स्वभावाने तिखट, आणि नाल ठोकून घेण्याच्या बाबतीत अस्सल नाठाळ. बाकीचे घोडे ऐरणीवर हातोडा वाजला की सवयीने पाय उचलून देत. शेवंती आधी चार शिव्या ऐकायची, मग पाय द्यायची, आणि एकदा पाय दिला की सगळं अंग हौसाच्या पाठीवर टाकून डोळे मिटायची. हौसाची कंबर त्या घोडीनेच मोडली, असं सगळी आळी म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दोन दसरे हौसाही पागेवर जाऊन आली होती. फाटकात धूम्रकेश लाल गालिचा अंथरी. त्यावर उभं राहिलं की आत एकेक घोडा असा तुकतुकीत दिसे की पाठीवर माशी बसली तर घसरावी. गालिच्याच्या पुढे मात्र गुडघाभर लीद. सरदार आपल्या जरीच्या मोजड्यांकडे बघत, मग लिदीकडे बघत, आणि पूजेचं ताट पागेच्या नोकराच्या हाती देत. "आमच्या वतीने तूच कुंकू लाव. घोड्याला काय कळतंय?"

हौसाला लिदीचं भय नव्हतं. तिचं दुखणं निराळं होतं. तिला वाटलं, माझ्याकडे बिचारी कोरडा कडबा चावायची. इथे बघा कशी अंग धरून आहे. आता जवळ जाऊन पुन्हा माया कशाला लावायची? दोन्ही वर्षी ती डोळे पुसत फाटकातूनच परत आली.

तिसऱ्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी ती हातोडा, सांडशी आणि ऐरण धुऊन पुसून हळदकुंकू वाहत होती, तोच एक साळुंकी दारात उतरली. खरं सांगायचं तर पडली, कारण तिचा देह पंखांच्या आवाक्यात राहिला नव्हता.

"नालबंदीण हौसा ती आपणच?"

"मीच. आपण कोण?"

"पागेतली साळुंकी. घोड्यांच्या अंगावरचे गोचीड खाऊन माझी ही दशा झाली. माझं पोट भरतं, पण आता बघवत नाही. तिथे नुसतं सडकं गवत आणि पावसाचं डबकं, ना चंदी, ना विहिरीचं पाणी. घोड्यांचे पाय गुडघ्यापर्यंत लाकडाचे झालेत. उद्या सूर्य मावळला की सबंध घोडे लाकडी होतील."

"लाकडी घोडे घेऊन तो करील काय?"

"लाकडी घोडा खात नाही आणि लीद टाकत नाही. त्याला पागा आवडते, बाई. घोडे आवडत नाहीत."

"मला तर माझी घोडी गुटगुटीत दिसली होती."

"कुठे उभं राहून?"

"गालिच्यावर."

"उद्या गालिचा सोडून चला," साळुंकी म्हणाली आणि प्रसादाच्या फुटाण्यांकडे वळली.

दसऱ्याला हौसाने हातोड्याला हात जोडले. "आज तुझा विसाव्याचा दिवस. पण काम घरचं आहे, चल." हातोडा कमरेला, लहान ऐरण डोक्यावर आणि साळुंकी खांद्यावर, अशी ती पागेपाशी आली. गालिच्याला वळसा घालून तिने अनवाणी पाऊल सरळ लिदीत घातलं.

तुकतुकी गेली. समोर बरगड्यांचे सांगाडे उभे होते. आयाळी जटा झालेल्या, डोळे खोल गेलेले, आणि गुडघ्याखाली कोरडं, भेगाळलेलं लाकूड. शेवटच्या ठाणावर शेवंती बांधलेली होती. तिने हौसाला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हिला आपण दोन वर्षं सुखात समजलो, या विचाराने हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती धावली, पण ठाणांपुढे राखेची रेघ होती आणि रेघेवर पाऊल पुढे जाईना.

नाकाला अत्तराचा रुमाल लावून धूम्रकेश आला. "रेघ माझी आहे. ती माझ्या तीन कामांनी पुसते. पहिले काम, सूर्य माथ्यावर येण्याआधी ही सारी लीद हलव. पागेतले फावडे घ्यायचे नाही."

हौसाने साळुंकीच्या कानात एक वाक्य सांगितलं. साळुंकी उडण्यात मंद असली तरी बातमी पोचवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मळ्यामळ्यांतून ती एवढंच ओरडत गेली, "धूम्रकेशाकडे तीन वर्षं मुरलेलं खत, आधी येईल त्याचं." घटकाभरात राज्यातले सगळे माळी गाड्या घेऊन हजर. भांडणं झाली, दोघांनी एकमेकांच्या टोपल्या पळवल्या, आणि लीद संपल्यावर एका म्हाताऱ्या माळ्याने घरून केरसुणी आणून जमीन झाडून नेली. जाताना तो धूम्रकेशाला अदबीने म्हणाला, "पुढच्या वेळी आधी आम्हांला कळवा."

धूम्रकेशाने रुमाल बदलला. "दुसरे काम. पागेची विहीर रुसली आहे. तीन वर्षे पोहरा पडला नाही म्हणून तिचे पाणी पाताळात गेले. ते वर आण."

हौसा काठावर बसली. रुसलेल्याला "ये, ये" म्हटलं की ते आणखी आत जातं, हे ती शेवंतीकडून शिकली होती. विहिरीकडे पाठ करून ती साळुंकीला म्हणाली, "या धूम्रकेशाची एक गोष्ट कळली मला. पण कुणाला सांगू नकोस." खाली डुबुक झालं. हौसाने आवाज उतरवला. "हा एवढा मोठा जादूगार, पण लहानपणी याला बकरीने पाडलं. तेव्हापासून चार पायांच्या सगळ्यांची याला धास्ती. आणि पुढची गोष्ट तर याहून..." इथे ती इतकं हळू बोलू लागली की पाणी एकेक पायरी चढत वर आलं आणि थेट काठाला कान लावून उभं राहिलं. हौसाने वळून पोहरा बुडवला. "उरलेली गोष्ट रोज थोडी थोडी सांगीन," तिने विहिरीला शब्द दिला, आणि विहिरीने तो मानला. नोकरांनीही गोष्ट ऐकली होती, आणि धन्याचा धाक त्यांच्या मनातून उतरला होता. ते निमूटपणे पखाली घेऊन रेघेपलीकडे पाणी पोचवू लागले.

धूम्रकेश लालबुंद झाला. सूर्य आता कलला होता. राजा आणि सरदार पूजेची ताटं घेऊन गालिच्यावर येऊन उभे राहिले होते आणि घोड्यांच्या तब्येतीचं कौतुक करत होते.

"तिसरे काम," धूम्रकेश मोठ्याने म्हणाला, सर्वांना ऐकू जावं म्हणून. "मी रेघ पुसतो. तू मधोमध उभी राहा. कोणत्याही घोड्याला ओढायचे नाही, दावे सोडायचे नाही. जो घोडा आपणहून तुला पाय देईल, तो तुझा. महाराज साक्षी आहेत."

मनात तो हसत होता. घोडा कधी कुणाला पाय देतो काय? ज्याने तीन वर्षांत एकदाही नालबंदाला पागेत बोलावलं नाही, त्याला हे कुठून ठाऊक असणार.

हौसाने ऐरण जमिनीवर ठेवली आणि हातोडा तीनदा वाजवला. ठण, ठण, ठण.

शंभर घोड्यांनी शंभर पाय उचलले.

हौसा एकेका ठाणावर जाऊ लागली. खूर मांडीवर घ्यायचा, तळहात फिरवायचा. शब्दाप्रमाणे घोडा तिचा झालेला असे, आणि धनिणीचा हात लागताच साल सोलावी तसं लाकूड गळून खाली पडे. पण एवढं लाकूड जाणार कुठे? ते धूम्रकेशाच्या पायांना चढू लागलं. त्याला वाटलं, उभं राहून मुंग्या आल्या असतील.

शंभर झाले. सूर्य फाटकाच्या कमानीला टेकला. शेवंती भिंतीकडे तोंड करून चारी पायांवर उभी होती, आणि लाकूड तिच्या पोटापर्यंत आलं होतं.

"शंभर तुझे," धूम्रकेश म्हणाला. "ही माझी."

शंभर घोडे हौसाला नको होते. ती शेवंतीच्या मागे गेली, कमरेवर हात ठेवले आणि तिने तोंड सोडलं. "अगं ए अवदसे, हट्टी म्हातारे, वीस वर्षं माझी कंबर मोडलीस, अजून पोट भरलं नाही? मला काय तेवढा एकच उद्योग आहे? नवरा माझा, पण लाड तुझे. सगळी पागा शहाणी आणि तूच एक मोठी पाटलीण." इथे तिचा आवाज चिरकला. "दोन वर्षं मी फाटकातून परत गेले, ती चूक माझी. त्याचा राग उद्या काढ. आज पाय दे."

शेवंतीचा कान मागे वळला. चार शिव्या मोजून झाल्या होत्या. तिने एक मोठा सुस्कारा टाकला आणि मागचा डावा पाय, लाकडासकट, हौसाच्या मांडीवर ठेवला. लाकूड कडाकड तडकून गळालं. मग जुन्या सवयीने ती हौसाच्या पाठीवर रेलली. पूर्वी ती रेलली की हौसाचे गुडघे वाकत. आज पाठीवर कुणी उपरणं टाकल्यासारखं वाटलं, आणि दिवसभर न रडलेली हौसा तिथे खूर मांडीवर घेऊन ढसाढसा रडली.

"घोडी चांगली धष्टपुष्ट आहे. ही बाई रडते का?" राजाने गालिच्यावरून विचारलं.

"महाराज, एक पाऊल पुढे या," साळुंकी म्हणाली.

राजाने खाली पाहिलं. जमीन माळ्याने झाडलेली, स्वच्छ होती, म्हणून तो पुढे आला. आला तो थांबला. त्याच्या नीलकंठ घोड्याने, ज्याने एकदा त्याला भर लढाईतून पाठीवर घालून घरी आणलं होतं, त्याला ओळखून क्षीण आवाजात खिंकाळी दिली. राजाने मुकुट काढला. धूम्रकेशाला जाब विचारायला तो वळला, पण तिथे आता धूम्रकेश नव्हता. फाटकाजवळ एक भक्कम सागवानी खुंटा होता आणि त्याच्या टोकाला अत्तराचा रुमाल अडकलेला होता.

"घोडे आता तुझे," राजा हौसाला म्हणाला. "आम्ही मागावेत तरी कोणत्या तोंडाने?"

"तोंडाने नका मागू, महाराज. दर दसऱ्याला धन्याने अनवाणी यावं, खाली बसावं आणि आपल्या घोड्याचे चारी खूर स्वतःच्या हाताने साफ करावेत. ज्याला वाकता येईल, त्याने न्यावा."

पहिला राजा वाकला. पोट आडवं आलं, दोन सरदारांनी मागून धरलं, पण नीलकंठाचा खूर त्याने साफ केला. त्या दिवसापासून पालखीचे भोई शेतीला लागले, घोडे ठाणावर गेले, राज्य रुळावर आलं, आणि खाजवायला जागा हवी असलेल्या प्रत्येक घोड्याला एक भक्कम खुंटा मिळाला.

पुढच्या दसऱ्याला हौसाने शेवंतीला नाल ठोकायला घेतले. चार शिव्या झाल्या. शेवंतीने पाय दिला आणि वर्षभर खाल्लेल्या हरभऱ्यासकट सगळी धनिणीच्या पाठीवर रेलली. हौसाची कंबर कटकन वाजली. आठ दिवस तिला अंथरुणावरून उठता आलं नाही, आणि येईल त्याला ती आनंदाने सांगत होती की घोडीने कंबर मोडली.