हरणदोडीवरचं शेंडेफळ

कोणे एके काळी, पाखरं आणि फुलपाखरं एकाच बोलीत भांडत असत, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेरच्या माळावर नारिंगी फुलपाखरांचं एक कूळ राहत होतं. त्यांची रीत ठरलेली होती. अंडं घालायचं ते रुईच्याच पानामागे.

रुई कडूजहर. अळ्या तोंड वाकडं करत, पण मुकाट्याने तीच पानं खात. ते विष त्यांच्या अंगात साठे आणि पंख फुटल्यावरही सोबत राही.

कुळातल्या एका आईला हे बघवेना. शेवटचं अंडं घालायला ती कुंपणावरच्या हरणदोडीच्या वेलाकडे वळली. हरणदोडी गोड, माणसंही तिची भाजी करून खातात.

"अगं, हे काय करतेस?" म्हातारी आत्या म्हणाली. "रीत काय उगाच पडली?"

"तुमची रीत तुम्हाला लखलाभ, आत्याबाई! मी जन्मभर कडू गिळलं. माझ्या शेंडेफळाला तरी गोड मिळू दे."

मायेपुढे शहाणपण चालत नाही.

शेंडेफळ गोड खाऊन गुबगुबीत झालं. पंख फुटले तेही भावंडांसारखेच, नारिंगी आणि काळ्या काठाचे. "बघा, काही कमी आहे का?" आई ज्याला त्याला विचारी. दिसायला खरंच काही कमी नव्हतं.

एके सकाळी माळावर एक नवखा कोतवाल पक्षी आला. त्याने झडप घालून शेंडेफळाला चोचीत धरलं.

आई घाबरली नाही. तिच्याही पंखाला अशाच एका चोचीची खूण होती. ती ओरडली, "भिऊ नकोस बाळा, आत्ता थुंकेल तो!"

कोतवाल थुंकला नाही. त्याने चवीने खाल्लं, फांदीवर चोच पुसली आणि तसाच रंग पाहून थोरल्या भावावर झेप घेतली. या खेपेला मात्र त्याला उमळून आलं. घास टाकून तो पळाला, तो पुन्हा नारिंगी पंखांच्या वाटेला गेला नाही.

थोरला फाटक्या पंखाने आईशेजारी येऊन बसला.

"मी शेंडेफळाला काय कमी केलं होतं हो?" आई रडत म्हणाली.

"काही नाही," आत्या म्हणाली. "कडू तेवढं द्यायचं राहिलं."

तात्पर्य : लेकरांच्या वाट्याचं सगळं कडू जो काढून घेतो, तो त्यांचं कवचही काढून घेतो.