तीन भोकांची करवंटी

दोन डोंगरांच्या बेचक्यात एक रान होतं आणि त्या रानात वीज होती. तळ्यातले विजेचे मासे ती अंगातून सोडत, ओल्या वेलींमधून ती बिळाबिळांत जाई आणि दिवे लागत.

रानाची एक रीत होती : आधी वाळूत, मग रानात. नवी वेल ओढायची असली, की साळू नावाची साळिंदर नदीकाठच्या वाळूत काट्याने चर काढायची. माशाच्या जागी भोकं पाडलेली करवंटी पाण्याने भरून ठेवायची, दिव्याच्या जागी शिंपला. शिंपला भरला, की खरा दिवा लागणार. पोटभर जेवलेल्या माशाच्या करवंटीला तीन भोकं, उपाशी माशाच्या करवंटीला एक. या करवंटीला साळू मॉडेल म्हणायची, कारण ती शिकलेली होती.

अडचण एकच होती. साळू भोकं काट्याने पाडायची आणि पलीकडच्या काठावरची मंडळी चोचीने. त्यामुळे इकडच्या वाळूत भरलेला शिंपला तिकडच्या वाळूत कोरडा राहायचा. म्हणून साळूनेच दरबारात अर्ज दिला : साऱ्या रानाला करवंटीचं एकच मानक असावं.

दरबाराला ही कल्पना फार आवडली. तेव्हाच साळूला शंका यायला हवी होती.

समिती बसली. अध्यक्ष गवेसाहेब, सचिव बगळा. भोकाची रुंदी दोन बैठकांत ठरली. मग बगळ्याने एका पायावर उभं राहून विचारलं, "ही एका भोकाची करवंटी कोणाची?"

"उपाशी माशाची," साळू म्हणाली.

"आपल्या राज्यात?"

गवेसाहेब उठले. "बंधूंनो, महाराजांच्या राज्यात कोणी उपाशी नाही. मग उपाशी माशाचं मॉडेल कशाला? एक रान, एक करवंटी!"

"एक करवंटी!" सभेने आरोळी ठोकली. मानक मंजूर झालं : करवंटी एकच, भोकं तीन.

त्याच आठवड्यात टिटवीबाईंच्या अंड्यांसाठी दिवा लावायचा होता. थंडी कडाक्याची होती आणि त्यांची चार अंडी उघड्या वाळूवर होती.

"दोन मासे जोडा," साळूने सांगितलं. "थंडीत चारा नसतो. एकट्या वामोबा माशाला झेपायचं नाही."

बगळ्याने नव्या करवंटीत पाणी ओतलं. शिंपला काठोकाठ भरला. "एक पुरे," तो म्हणाला.

साळू तळ्यावर गेली. म्हातारा वामोबा शेवाळात पडून होता.

"वामोबा, चार दिवसांत काय खाल्लंत?"

"परवा एक किडा दिसला होता, पोरी. दिसला फक्त."

दिवा लागला, दोनदा मिचकला आणि विझला. टिटवीबाईंनी सारं रान डोक्यावर घेतलं. "साळूताई, वाळूत तर लख्ख उजेड होता! माझ्या अंड्यांनी आता वाळूतल्या दिव्यावर ऊब घ्यायची का?"

साळू धावत समितीकडे गेली. समितीने रान आणि वाळू यांची तुलना केली आणि चूक रानाची निघाली. वामोबाला मानकाप्रमाणे न वागल्याबद्दल नोटीस गेली. नोटीस कमळाच्या पानावर होती, त्याने ती खाऊन टाकली. आठवड्यातलं त्याचं ते पहिलं जेवण.

टिटवीबाई नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत बसल्या नाहीत. त्या अंड्यांवर बसल्या, त्यांचे यजमान पंख पसरून वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी चारही पिल्लं बाहेर आली.

"पाहिलंत?" गवेसाहेब साळूला म्हणाले. "तुमची भीती फुकट होती. पिल्लं मॉडेलनुसार आली."

"ती टिटवीबाईंनी उबवली, साहेब."

"मॉडेलमध्ये टिटवीबाई कुठे आहेत?"

साळूने पाहिलं. खरंच, नव्हत्या.

या यशामुळे मानक इतर खात्यांनाही लागू झालं. वसंतात निवडणूक आली, तेव्हा बगळ्याने वाळूत चर काढून प्रत्येक मतदाराच्या जागी एक तीन भोकांची करवंटी ठेवली. सगळं पाणी महाराजांच्या शिंपल्यात गेलं.

"आणि मतदार उपाशी असेल तर?" साळूने विचारलं.

"ते मॉडेल रद्द झालंय, ताई," बगळा मऊ आवाजात म्हणाला.

निकाल वाळूतच इतका स्पष्ट लागला, की प्रत्यक्ष मतदानाचा त्रास प्राण्यांना देण्यात आला नाही.