कोंडूनं झाडलेली वाट

रानाच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक उघडी वाट डोंगराला वळसा घालून जाते. ऐन पानगळीतसुद्धा तिच्यावर पाचोळा दिसायचा नाही. वणवा अलीकडचा पलीकडे जाऊ नये म्हणून ती राखलेली आहे. वनखात्याचे लोक तिला जाळरेषा म्हणतात, आम्ही कोंडूची वाट म्हणतो. खातं कालपरवा आलं, वाट त्याच्या आधीची आहे. तिची रुंदी बरोबर दोन खराट्यांची आहे. एका माणसाला ती जास्त होते, आणि तीन माणसं तिच्यात मावत नाहीत. असं का, ते पुढे येईल.

तुम्ही एका दिवसासाठी येणार. तर सकाळच्या फेरीला पाचला फाटकावर हजर राहा. कपडे मातीच्या रंगाचे घाला, अत्तर लावू नका, पाणी घरून आणा. हे सगळं तुम्हाला कुणीही सांगेल. पलीकडच्या फाटकावरही सांगतात. तिकडे गाड्या जास्त जातात, कारण तिकडे म्हणे वाघ जास्त दिसतो. दिसू दे. पण गाडीत बसायच्या आधी आमच्याकडे खराटा हातात घ्यावा लागतो आणि एक नाव घ्यावं लागतं. ते का, हे तिकडची पोरं चुकीचं सांगतात. दोन जावांचं भांडण झालं म्हणतात. बायांवर ढकलायला काय जातं? माझ्या आज्यानं सांगितलं ते असं, की जळणारा गडीच होता.

त्या काळी इथं फाटक नव्हतं, नुसतं रान होतं, आणि रानातली मोहाची झाडं घराघरांत वाटलेली होती. कोंडू आणि रैनू हे सख्खे भाऊ. बाप मरताना वाटणी झाली. थोरल्या कोंडूला बारा झाडं आली, धाकट्या रैनूला एकच, नाल्याच्या काठचं. पण त्या एका झाडाखाली असा सडा पडायचा की रैनूची टोपली रोज काठोकाठ. कोंडूच्या बारा झाडांचा माल जास्तच असायचा, तरी त्याला तो दिसायचा नाही. म्हणे, रोज पहाटे स्वतःच्या झाडाखाली वाकायच्या आधी तो नाल्यापर्यंत जायचा, भावाच्या टोपलीत डोकवायचा, आणि मग मागे फिरायचा. तेवढ्यात त्याची फुलं हरणं खाऊन जायची.

एकदा त्यानं विचारलंच. काय करतोस, कोणत्या देवाला कोंबडं देतोस? रैनू म्हणाला, “दादा, झाडतो फक्त. सांजच्याला खालचं अंगण करून ठेवतो. फूल पडते ते दिसते, मातीत जात नाही.”

कोंडूला वाटलं, लपवतो आहे. कोंडू झाडत नसे. मोहाखालचा पाचोळा पेटवून द्यायचा, जमीन काळी झाली की पिवळं फूल उठून दिसतं, ही सगळ्यांचीच रीत होती. झाडायला कंबर मोडते, काडी ओढायला काय लागतं? कोंडूची बायको त्याला टोचायची, “बारा झाडाईचा मालक आणि डोळा एका झाडावर. तुमाले पोट हाय का डोळेच हायत?” तिचंही खरं होतं.

त्यात कोंडूला एकुलती एक पोर, बुधी तिचं नाव. आठ-नऊ वर्षांची असेल. तीही काकाच्या झाडाखाली रमायची. सावली गार, जमीन सारवल्यासारखी, काकू आंबील द्यायची. घरी आली की काका असं म्हणाला, काकू तसं म्हणाली. कोंडू भाकरीचा घास तसाच खाली ठेवायचा. झाड त्याचं, सडा त्याचा, आणि आता पोरही त्याचीच.

चैताचे दिवस. दुपारी रैनू आणि त्याची बायको फुलं वाळत घालायला घरी गेली. कोंडू नाल्यावर गेला. रैनूनं झाडून काढलेल्या पाचोळ्याचा ढीग झाडापासून बराच दूर, रानाच्या कडेला होता. वारा झाडाकडे वाहत होता. बुंध्याला नुसती झळ लागावी, या सालचा मोहर जावा, एवढंच त्याच्या मनात होतं, असं सांगतात. त्यानं ढीग पेटवला आणि मागे न बघता घर गाठलं.

आग झाडाकडे गेलीच. पण झाडलेल्या जमिनीशी पोचल्यावर तिला खायला एक पान मिळेना. ती फुटली, दोन्ही अंगांनी वळसा घालून वर चढली, आणि वर कोंडूची बारा झाडं होती. खाली गुडघाभर पाचोळा, भावाच्या टोपलीपायी या साली तो त्यानं जाळलाच नव्हता.

धूर दिसला तसा गाव धावला. कोंडू दारातच बसून होता. बायकोनं त्याला हलवलं आणि विचारलं, बुधी कुठं आहे? मग तिचं तिनंच सांगितलं. सकाळीच काकाच्या झाडाखाली गेली होती, तिथंच निजली असेल.

ढीग पेटवताना कोंडूनं बुंध्याच्या पलीकडे पाहिलंच नव्हतं.

दोघे भाऊ पळाले. पुढे आगीची भिंत. रैनू आत घुसायला निघाला, लोकांनी त्याला धरून ठेवलं. कोंडूनं तिथंच जमिनीवर डोकं टेकलं आणि रानदेवाला बोलला की पोर दे, आणि ही आग कोणी लावली त्याचं नाव मी सगळ्या गावापुढं घेईन. हा नवस जवळच्या दोघातिघांनीच ऐकला. त्यांना वाटलं, दुसऱ्या कोणाचं नाव घेणार.

दिवस कलायच्या आत आग वर निघून गेली. राख तुडवत माणसं नाल्याशी पोचली. झाडलेल्या गोल जमिनीवर, म्हणे, पाय ठेवायला जागा नव्हती. सांबर होतं, रानडुकरं होती, अस्वल होतं, आणि बुंध्याला टेकून एक वाघीण. कोणी कोणाला शिवत नव्हतं. वाघीण होती का नव्हती, मी काही बघायला नव्हतो. पण त्या सगळ्यांच्या मधे आंबिलीचं मडकं घट्ट धरून बुधी उभी होती. माणसं दिसली तशी जनावरं एकेक करून नाल्यात उतरली आणि निघून गेली.

आता पुढचं माझा आज्या हळू आवाजात सांगायचा. पोर जिवंत दिसली आणि त्याच दमात कोंडूचा डोळा वर गेला. रैनूचं झाड हिरवं. स्वतःची बारा धुमसत होती. आणि मनात आलं, याचंच वाचलं.

तेव्हा तो स्वतःलाच भ्याला. आगीला भ्याला नव्हता तेवढा.

लोक वाऱ्याला दोष देत होते. कोणी म्हणत होतं, वाटसरूनं विडी टाकली असेल. गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं. पण पोरीनंच विचारलं, “बाबा, कोणं लावली?”

“म्या लावली,” कोंडू म्हणाला. “मले तुह्या काकाचं पाहवत नव्हतं. अजूनबी पाहवत नाही.”

गावानं त्याला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता कोंडूनं खराटा घेतला आणि नाल्यापासून झाडायला लागला. एक हात मारायचा, रैनूचं नाव घ्यायचा, पुढे सरकायचा. पाहवत नाही ते बोलून टाकायचं आणि झाडायचं, ढीग साठू द्यायचा नाही. लोक हसले. तिसऱ्या दिवशी शेजारी दुसऱ्या खराट्याचा आवाज आला. वळून बघतो तर रैनू.

रैनूनं एक हात मारला आणि नाव घेतलं, “कोंडू.”

कोंडूनं विचारलं, माझं काऊन?

“बारा झाडं तुले देल्ली बापानं, मले एक,” रैनू म्हणाला. “तुले काय वाटलं, म्या हौसेनं झाडत होतो?”

मग दोघं शेजारी शेजारी झाडत डोंगराला वळसा घालून आले. म्हणून वाट दोन खराट्यांची.

लोक विचारतात, मग कोंडूची जळजळ गेली का? नाही गेली. दर साल पानगळ होते तशी ती यायची. दर साल तो झाडायचा, म्हातारा होऊन वाकला तरी. गेली असं जे सांगतात ते पलीकडच्या फाटकावरचे.

आजही आमच्या गावात मोहाखाली कोणी काडी ओढत नाही. आजही रानात जाणारा माणूस, गावचा असो की गाडीतून आलेला, त्या वाटेवर खराट्याचा एक हात मारतो आणि ज्याचं बरं झालेलं बघवत नाही त्याचं नाव मोठ्यानं घेतो. मागच्या साली एकीनं आपल्या बहिणीचं घेतलं, बहीण मागेच उभी होती. तिनं दुसरा खराटा उचलला. तुम्हीही नाव आधीच ठरवून या, तिथं आठवत बसू नका, मागे गाड्या थांबतात. समोरच्या गाडीला वाघ दिसला आणि तुम्हाला नाही दिसला, तर परतताना पुन्हा थांबा. खराटे तिथंच झाडाला टेकवलेले असतात. दोन.