वैजयंतीची नजर

एका राज्यात एक जुनी राजधानी होती. ती एका मांत्रिकाने उभारली होती. जाताना तो शाप ठेवून गेला, "जो या नगरीचा हेवा करील, त्याची नजर पडेल ते दगड होईल." शाप जुना झाला. लोक विसरले.

तिथली राणी पद्मगंधा. तिची धाकटी बहीण वैजयंती डोंगरातल्या एका लहान राजाला दिलेली. एकदा ती राजधानी पाहायला आली. थोरलीने तिला हाताला धरून नगर दाखवायला नेले.

महाद्वारी दोन पांढरे हत्ती होते. त्यांनी सोंडा उचलून पद्मगंधेवर फुले उधळली. वैजयंती पाहत राहिली. हत्तींचे दगड झाले.

"थकले असतील," थोरली म्हणाली. "चल, तळं बघू."

तळ्यात चंद्र दिवसा विसाव्याला येई. पद्मगंधेने हाक मारली, तसा तो काठाशी आला. वैजयंतीने ओठ चावला. चंद्राचा धोंडा झाला आणि तळाला गेला.

"रुसलाय," थोरली हसली. "चल, सिंहासन बघू."

दरबारात पद्मगंधा राजाशेजारी जाऊन बसली.

"ताई, तू इथं बसतेस? सगळ्यांदेखत?"

"मग काय! तू कुठं बसतेस?"

"पडद्याआड."

एवढे बोलून वैजयंतीने बहिणीकडे पाहिले. पद्मगंधा बसल्या जागी दगड झाली.

दरबारात रडारड झाली. छत्रावरची साळुंकी बोलली, "राणीला दृष्ट लागली. दिवेलागणीच्या आत उतरली तर बरं, नाहीतर ती कायमची गेली."

वैजयंती मीठ-मोहऱ्या घेऊन धावली. तिने त्या बहिणीवरून ओवाळल्या. "आल्यागेल्याची, वाटेच्या वाटसराची, शेजारणीपाजारणीची..." असे म्हणत तिने मूठ निखाऱ्यांवर टाकली. एकही मोहरी तडतडली नाही.

साळुंकी म्हणाली, "बाई, नावं सगळ्यांची घेतलीस. तुझं राहिलं. तीन ठिकाणी पाहिलंस, तिन्ही ठिकाणी खरं बोलून ये."

वैजयंती महाद्वारी गेली. हत्तींना म्हणाली, "तुम्ही ताईला फुलं वाहिलीत. मी शेजारीच उभी होते. मला राग आला." हत्तींनी कान हलवले.

ती तळ्यावर गेली. "चंद्रा, तू ताईच्या हाकेला आलास. मी जळले." पाणी उजळले.

ती दरबारात परतली, तेव्हा ऊन कळसावर गेले होते. तिने मीठ-मोहऱ्यांची नवी मूठ बहिणीवरून ओवाळली. राजा हात जोडून उभा होता.

"ताई," ती म्हणाली, "हे आसन मला मिळावं असं वाटलं नाही गं. तुझं जावं, असं वाटलं. माझीच दृष्ट. माझीच."

तिने मूठ टाकली. मोहऱ्या ताडताड उडाल्या, सगळा दरबार खोकला. पद्मगंधेने डोळे उघडले.

"दगडाला ऐकू येतं, वैजू," ती म्हणाली.

वैजयंतीने मान खाली घातली.

"आणि मी तुला मुद्दाम दाखवत होते."

"ते कळत होतं, ताई."

"मग बोलली का नाहीस, मेले?" असे म्हणून थोरलीने तिला जवळ ओढले, आणि दोघी रडल्या.

शाप तिथेच सरला. आता त्या राजधानीचा कोणीही हेवा करावा, दगड काही होत नाही. लोक येतात, पाहतात, मनात जळतात, पोटभर जेवतात आणि आपापल्या घरी सुखाने जातात.