केरबाचा नेम आणि ग्रंथालयाचा पासवर्ड

एका गावात एक कॉलेज होतं, कॉलेजात ग्रंथालय होतं, आणि त्या ग्रंथालयात केरबा नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती भोळा? कोणी "जरा इथेच थांब" म्हणून विसरून गेलं, तर दिवेलागणीला त्याला शोधायला हौसाला यावं लागे. हौसा ही त्याची बायको. ती यायची, म्हणायची, "चला आता." मग तो चालू लागायचा.

एके वर्षी संस्थेच्या मनात आलं, गावातलं कॉलेज आणि तालुक्याचं कॉलेज एकत्र करावं. एकत्र केलं म्हटल्यावर सगळंच नवं करायला हवं. कार्डांचे लाकडी कप्पे अडगळीत गेले. टेबलांवर संगणक येऊन बसले. पुस्तक कपाटात आहे की नाही, हे आता घरबसल्या संकेतस्थळावर दिसणार होतं. हे सगळ्यांना शिकवायला तालुक्याहून नव्या ग्रंथपाल आल्या, देवस्थळी मॅडम. बाई गोड स्वभावाच्या. चिडल्या तरी आधी चष्मा पुसायच्या, मग चिडायच्या.

प्राचार्य घाटगे सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "महिनाअखेरीला संस्थेचे अध्यक्ष उद्घाटनाला येणार. तोवर ज्यांना नवं जमलं, ते इथे राहतील. नाही जमलं, ते घाटाखालच्या शाखेत जातील."

घाटाखालची शाखा म्हणजे लांबचा मुलूख. एसटी सकाळची एकच, तीही आली तर. महिन्यातून एकदा घरी येणं झालं तरी देवाची कृपा.

केरबा घरी आला आणि चपला पायात तशाच ठेवून ओट्यावर बसला.

"तोंड का उतरलं हो?" हौसाने विचारलं.

त्याने सांगितलं. हौसाने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुळशीपाशी दिवा काय, मी लावीन. पण 'लागला का गं दिवा' म्हणून विचारणार कोण?"

तिने त्याच सोमवारपासून सोळा सोमवार धरले. केरबा इथेच राहिला तर ग्रंथालयात शिरा करून वाटीन, असंही बोलली. आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, बाई शिकवतील ते नेमासारखं धरा. नेम घरी एक आणि देवळात एक असा नसतो. सगळीकडे सारखा. आणि मनात काही भलतं आलं, तर रामनाम घ्या. येणारं आपोआप निघून जातं."

"नेम म्हणजे नेम," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, "केरबा, ओळख पटल्याशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही, हा पहिला नियम. संगणक काय करतो? खूण विचारतो. आईचं नाव काय, पहिली शाळा कोणती, आवडता पदार्थ कोणता. बरोबर सांगितलं तर आत. तीनदा चुकलं तर दार बंद."

"समजलं मॅडम. नेम म्हणजे नेम."

केरबा जाऊन ग्रंथालयाच्या दारात स्टूल टाकून बसला. थोड्या वेळाने घाटगे सर वर्तमानपत्र वाचायला आले.

"सर, आवडता पदार्थ?"

"काय?"

"चुकलं. दोन राहिले."

"अरे केरबा, मी घाटगे!"

"घाटगे हा पदार्थ नाही सर. एक राहिला."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. मुली उभ्या होत्या. प्राध्यापक उभे होते. सर छाती काढून म्हणाले, "दूधभात. साधं, सात्त्विक."

"चुकलं," केरबा म्हणाला. "तुमच्या घरच्या बाई भजनात हौसाला म्हणाल्या, सरांना तळलेल्या बोंबलाशिवाय घास उतरत नाही." आणि त्याने दार लावून कडी घातली.

मॅडमनी चष्मा पुसला. "अहो, ती विचारपूस संगणकाने करायची! मोठ्या माणसाला दारात अडवायचं नाही. तुम्ही आता आतच बसा. पुस्तकांच्या नोंदी नीट करायला शिका. एकसारख्या दोन नोंदी दिसल्या की एक ठेवायची आणि एक काढायची."

"कोणती काढायची?"

"जिच्यात माहिती कमी आहे ती."

"समजलं मॅडम. नेम म्हणजे नेम."

त्या दुपारी वाचनकक्षात मोहित्यांच्या जुळ्या मुली अभ्यासाला बसल्या होत्या. तेच डोळे, तोच रंग, तेच गुलाबी ओढणीचे ड्रेस. केरबाने एकीकडे पाहिलं. दुसरीकडे पाहिलं. परत पहिलीकडे पाहिलं. मग एकीची वह्यापुस्तकं गोळा केली, दप्तर तिच्या खांद्याला अडकवलं आणि तिला फाटकाबाहेर पोचवून आला.

तासाभरात मुलींची आई पदर खोचून हजर. "माझी पोरगी काढली का म्हणून?"

केरबा अदबीने म्हणाला, "वहिनी, दोन एकसारख्या होत्या. एक ठेवली आहे. ती बघा, बसली आहे."

"आणि हीच का काढली?"

"ठेवलेलीच्या वेणीत अबोली आहे, कानात डूल आहेत, हातावर घड्याळ आहे. हिच्याकडे काहीच नव्हतं. माहिती कमी."

मोहितेवहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, ह्याला तुम्ही शिकवताय? देव तुमचं भलं करो." आणि मुलीच्या वेणीला अबोली माळून तिला परत आत बसवून गेल्या.

मॅडमनी चष्मा पुसला. या खेपेला जरा जास्त वेळ पुसला. "केरबा, आजपासून काढायचं काहीच नाही. असेल ते जपायचं. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत करायची आणि ती दुसऱ्या जागी ठेवायची. पहिली गेली तर दुसरी हाताशी हवी."

"प्रत्येक गोष्टीची?"

"प्रत्येक गोष्टीची."

"समजलं मॅडम. नेम म्हणजे नेम."

त्या दिवसापासून मॅडमनी चहा मागवला की केरबा दोन आणायचा. एक टेबलावर ठेवायचा, एक शब्दकोशांच्या कपाटात. मॅडमना वास यायचा, पण कशाचा ते कळायचं नाही. कळलं ते मुंग्यांची रांग लागल्यावर. तरीही बाई केरबाला वाईट बोलल्या नाहीत. कपाट पुसताना त्यांनी एवढंच पाहिलं, की चहा वाळला होता, पण प्रत्येक कपावर बशी झाकलेली होती.

इकडे दुसरीच भानगड झाली. संकेतस्थळाचा पासवर्ड कार्यालयातल्या भिंतीवर कोणीतरी चिकटवला होता. मुलांनी तो पाहिला आणि प्राचार्यांच्या फोटोच्या जागी म्हैस लावून दिली. घाटगे सर म्हणाले, "हा प्रकार अध्यक्षांसमोर झाला तर आपण सगळेच घाटाखाली."

मॅडमनी विचार केला. कोणाकडे द्यावा पासवर्ड? एकाला दिला तर तो दुसऱ्याला सांगतो. सांगितलेलं जिवापाड पाळणारा माणूस इथे एकच होता. त्यांनी केरबाला बोलावलं, त्याचा फोन नंबर संकेतस्थळाला जोडला, नवा पासवर्ड त्याच्याच मनाने टाकायला लावला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"झालं? आता हा कोणालाही सांगायचा नाही. कोणी म्हणजे कोणीही. उद्घाटनाच्या दिवशी तुमच्याच हाताने उघडायचं."

"समजलं मॅडम. नेम म्हणजे नेम."

केरबा घरी आला. हौसाने विचारलं, "आज काय शिकलात?"

"कोणालाही नाही सांगायचं," केरबा म्हणाला, आणि जेवून झोपला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. तो सोमवारच होता. हौसाचा उपास होता. तयारी केरबाकडे होती आणि त्याने ती फार मनापासून केली. सभागृहात समई, नारळ, हार, खुर्ची. आणि मागे सायकली ठेवायच्या शेडमध्ये दुसरी समई, दुसरा नारळ, दुसरा हार, दुसरी खुर्ची. तिथे त्याने हौसाला नेऊन बसवलं.

"अहो, मी इथे काय करू?"

"पहिलं गेलं तर दुसरं हाताशी हवं."

हौसाने मांडी घातली. आज ना उद्या वाटायचाच म्हणून तिने शिऱ्याचं पातेलं बरोबर आणलं होतं. देव ऐकणार याची तिला खात्रीच होती, मग उगाच हेलपाटा कशाला?

अध्यक्षांची दुसरी प्रत मिळवायला मात्र केरबाला बरंच हिंडावं लागलं. शेवटी सापडली. लग्नकार्यात स्वयंपाक करणारे गुळवे आचारी. तेच पोट, त्याच मिशा, तशीच पांढरी टोपी. केरबाने त्यांना शेडमधल्या खुर्चीत बसायला सांगितलं होतं. पण गुळव्यांना वाजंत्री ऐकू आली, आणि वाजंत्री वाजली की आचारी थांबत नाही. ते थेट फाटकाशी गेले. घाटगे सरांनी पोट पाहिलं, मिशा पाहिल्या, हार घातला आणि हाताला धरून व्यासपीठावर नेलं.

खरे अध्यक्ष थोड्या वेळाने आले. फाटकावर कोणीच नव्हतं. समई दिसली त्या दिशेने ते चालत गेले आणि सायकलींच्या शेडमध्ये पोचले. हौसाने पदर सारखा केला, त्यांना खुर्ची दिली, हार घातला, हातात नारळ दिला आणि पुढे शिऱ्याची वाटी ठेवली.

"उद्घाटन इथेच आहे का, ताई?"

"पहिलं तिकडे आहे," हौसा म्हणाली. "हे दुसरं. पहिलं गेलं तर."

अध्यक्षांनी नारळ फोडला, शिरा खाल्ला आणि अजून थोडा मागून घेतला.

सभागृहात तोवर गुळव्यांना बोलायला उभं केलं होतं. ते म्हणाले, "मी काय जास्त बोलणार नाही. माणसं किती आहेत ते आधी सांगा. त्यावर आमटीचं ठरतं." लोकांना वाटलं, अध्यक्ष साधे आहेत. टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच खरे अध्यक्ष दारात उभे राहिले, मिशीला शिरा लागलेला.

घाटगे सरांनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग ते खालीच बसले.

"केरबा!" मॅडम जेमतेम एवढंच म्हणाल्या.

"मॅडम, दोन्ही शाबूत आहेत," केरबा म्हणाला.

पण अध्यक्ष हसत होते. हसता हसता व्यासपीठावर आले, गुळव्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सकाळपासून उपाशी फिरतोय मी. जाईन तिथे नारळ देतात, खायला आज पहिल्यांदा दिलं. चला, उघडा तुमचं संकेतस्थळ."

पडद्यावर पासवर्डची चौकट आली. सगळे केरबाकडे वळले. हौसाही शेडमधून येऊन दारात उभी राहिली.

"केरबा, पासवर्ड सांग," घाटगे सर म्हणाले.

"नाही सर."

"अरे, अध्यक्ष विचारताहेत!"

"कोणी म्हणजे कोणीही, असा नेम आहे."

मॅडम पुढे झाल्या. "अहो केरबा, तो नियम मीच सांगितला ना?"

"तुम्हीच सांगितलात म्हणून तर तुम्हालाही नाही."

हौसाने डोळे मिटले. आणि अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "वा! आमच्या कार्यालयात पासवर्ड भिंतीवर चिकटवतात आणि हा माणूस अध्यक्षालाही सांगत नाही. घाटगे, हा घाटाखाली जाणार नाही. हा इथेच राहील. मी सगळ्यांसमोर सांगतोय."

हौसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. देवाने तिचं ऐकलं होतं.

"आता सांगू नका, केरबा," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्याच हाताने टाका."

केरबा पुढे आला. कळफलकावर बोट ठेवलं. डोळे मिटले. ओठ हलले. मग त्याने बोट उचललं.

"काय झालं?"

"मी पण कोणीतरीच की, साहेब. मलाही सांगायचा नाही. म्हणून तो आठवायला लागला की मी रामनाम घेतो. पहिले काही दिवस फार त्रास झाला. आता बराच गेला आहे." आणि तो समाधानाने म्हणाला, "आत्तासुद्धा अगदी ओठावर आला होता. घालवला."

मॅडमनी चष्मा काढला. पुसला नाही. तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "हरकत नाही. हरकत नाही. 'पासवर्ड विसरलो' असं इथे दाबते. केरबा, तुमच्या फोनवर आत्ता आकडे येतील. तेवढे वाचून दाखवा म्हणजे झालं."

मॅडमनी दाबलं. केरबाच्या खिशात फोन वाजला. सगळं सभागृह पुढे वाकलं. अध्यक्ष वाकले, गुळवे वाकले, घाटगे सरही उठून उभे राहिले. केरबाने फोन काढला, लांब धरला आणि एकेक अक्षर लावत निरोप मनातल्या मनात वाचला. त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम," तो म्हणाला, "यात पण तेच लिहिलं आहे. कोणालाही सांगू नका."

आणि त्याने रामनाम घेतलं, निरोप पुसून टाकला आणि फोन खिशात ठेवला.

ग्रंथालयाचं संकेतस्थळ अजून उघडायचं आहे. शिरा मात्र त्याच दिवशी वाटून झाला. केरबाला कोणी हलवत नाही, कारण पासवर्ड त्याच्यापाशी आहे. हौसा अजून सोमवार करते. हात जोडून म्हणते, "देवा, ह्यांना आठवू दे." मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणते, "पण सावकाश."

जसं हौसाचं घर राखलं, तसं देव सगळ्यांचं राखो. पासवर्ड मात्र ज्याचा त्याने आठवावा.